स्कोअर नको, क्षण सांगा

जागतिक स्पर्धांचा उन्हाळा आला की ऑफिसांबद्दलचा एक वाद हमखास डोकं वर काढतो: कामाच्या जागी खेळाच्या गप्पा चालू द्याव्यात की नाही? एका बाजूला हिशेबी मंडळी असतात. इतके कर्मचारी, रोजची इतकी मिनिटं, मिनिटाला इतका पगार असा गुणाकार करून ते नुकसानीचा भलामोठा आकडा काढतात. दुसऱ्या बाजूला एचआरची मंडळी. गप्पांनी संघभावना वाढते, संघभावनेने काम वाढतं, तेव्हा शेवटी कंपनीचा फायदाच, असं त्यांचं म्हणणं. मला हे दोघेही एकाच पक्षाचे वाटतात. माणसाच्या बोलण्याची किंमत त्यातून किती काम निघतं यावर ठरवायची, यावर त्यांचं एकमत आहे. भांडण फक्त बेरीज की वजाबाकी एवढंच. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. या गप्पा काही सहकाऱ्यांना बाहेर ठेवतात, असा तो आक्षेप. त्याला उत्तर द्यायचं तर आधी एक फरक मान्य करावा लागतो. ‘खेळाच्या गप्पा’ म्हणून आपण ज्या एकत्र मोजतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोण जिंकलं, तू कोणाच्या बाजूचा, तुला किती माहिती आहे, ही एक. या सगळ्या गदारोळात तुला आवडलेला क्षण कोणता, ही दुसरी. पहिलीवरचे बहुतेक आक्षेप मला मान्य आहेत. दुसरीला ते जवळजवळ लागूच होत नाहीत, आणि ऑफिसात माणसं एकमेकांशी जे काही बोलतात त्यात तिचा दर्जा फार वरचा आहे.

आधी हिशेबाचं. त्या गुणाकारात एक गृहीतक दडलेलं असतं, की गप्पा झाल्या नसत्या तर ती वीस मिनिटं कामातच गेली असती. कुठल्याही ऑफिसात चार दिवस काढलेला माणूस यावर हसेल. सलग आठ तास कोणी काम करत नाही, कधीच करत नव्हतं. मधला वेळ पगारवाढीच्या अफवा, साहेबांच्या तक्रारी आणि फोनच्या पडद्यावर अंगठा फिरवणं यांत जातो. खेळाच्या गप्पा हा वेळ कामाकडून घेत नाहीत, अंगठ्याकडून घेतात. खेळ आणि कामाचं घड्याळ यांचं नातंही या मंडळींना वाटतं तसं चोर-पोलिसाचं नाही. ब्रिटनमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवलं. त्यांच्याविना गिरणी चालत नसल्याने पुरुषांनाही हळूहळू ती अर्धी सुटी मिळत गेली. ती दुपार मोकळी होती म्हणून शनिवारी तीनला फुटबॉलचा सामना सुरू करायची प्रथा पडली, आणि १८८८ मध्ये सुरू झालेली फुटबॉल लीग त्याच गर्दीवर उभी राहिली. म्हणजे मैदानाभोवती जमणारा आधुनिक प्रेक्षक कामाचे तास बुडवून तयार झालेला नाही. कामाच्या तासांना कायद्याने कुंपण घातलं तेव्हा तो जन्मला. कामाचे तास कमी केले तर उद्योग बुडेल, असं सांगणारे मालक तेव्हाही होतेच. सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया टू’ या नौकेने अमेरिकेकडे १३२ वर्षं असलेला अमेरिकाज कप हा नौकाशर्यतीचा चषक जिंकला, तेव्हा पंतप्रधान बॉब हॉक यांनी टीव्हीवर हसत जाहीर केलं, की आज कामावर आला नाही म्हणून कुणाला काढून टाकणारा मालक नालायक समजावा. ऑस्ट्रेलियाची अर्थव्यवस्था त्यामुळे बुडाल्याची नोंद नाही.

तरीही हिशेबवाल्यांच्या बोलण्यात एक खरा काटा आहे. सगळी कामं अशी मधेच थांबवता येत नाहीत. कॉल सेंटरमध्ये, नियंत्रण कक्षात, इस्पितळाच्या खिडकीवर एकजण गप्पांना उठला की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्यावर पडतो. हा मुद्दा उत्पादनाचा नाही, न्यायाचा आहे. तो मला खोडता येत नाही, आणि खोडायचाही नाही. पुढे त्याच्याकडे परत यावंच लागेल.

आता वगळण्याचा आक्षेप. जानेवारी २०२० मध्ये ब्रिटनच्या चार्टर्ड मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या प्रमुख अ‍ॅन फ्रँके बीबीसी रेडिओवर म्हणाल्या, की ऑफिसातल्या फुटबॉल-क्रिकेटच्या गप्पांना व्यवस्थापकांनी आवर घालावा. अनेक स्त्रियांना त्यात परकं वाटतं आणि त्या गप्पा पुढे पुरुषी बढायांकडे सरकतात. बंदी घाला असं त्यांनी म्हटलं नव्हतं, पण बोभाटा तसाच झाला आणि त्यांची यथेच्छ टिंगल झाली. सर्वांत जास्त ऐकू आलेलं उत्तर होतं, ‘बायकांनाही खेळ आवडतो की!’ हे उत्तर खरं आहे आणि तरीही ते निशाण्यावर लागत नाही. फ्रँके यांचा मुद्दा आवडीचा नव्हताच, दाराचा होता. व्हीएआरच्या, म्हणजे फुटबॉलमधल्या व्हिडिओ पंचाच्या, निर्णयावर तावातावाने बोलणाऱ्या चौघांत साहेब असतो, त्याच चौघांत पुढच्या प्रकल्पाची नावं ठरतात, आणि ज्याला ऑफसाइड कळत नाही तो किंवा ती त्या वर्तुळाच्या बाहेर उभी राहते, हे कोणी पाहिलेलं नाही? हे वर्तुळ फक्त स्त्रियांना बाहेर ठेवतं असंही नाही. ज्याच्या घरी खेळ पाहायला फुरसत नव्हती, जो दुसऱ्या देशातून आला, ज्याला शाळेच्या मैदानावर कायम शेवटी निवडलं गेलं, अशा कितीतरी जणांना त्या गप्पा म्हणजे तोंडी परीक्षा वाटते. माहितीची फुशारकी हा खेळप्रेमींचा जुना आजार आहे. सरासरी, विक्रम, कोणत्या साली कोणी कोणाला किती गड्यांनी हरवलं, हे घडाघडा म्हणून दाखवणारा माणूस गप्पा मारत नसतो, उमेदवारी मांडत असतो.

मग उपाय काय? फ्रँके म्हणतात, आवरा. मी म्हणतो, प्रश्न बदला. २०२४ चा उन्हाळाच घ्या. जून ते सप्टेंबर या काळात टी-ट्वेंटी विश्वचषक, युरो, कोपा अमेरिका, पॅरिसचं ऑलिंपिक आणि त्यापाठोपाठ पॅरालिंपिक, एवढं सगळं एका रांगेत आलं. त्यातलं तुला काय आवडलं, हे विचारायला आणि सांगायला कुठली पात्रता लागते? तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा नेमबाज युसुफ डिकेच साधा टी-शर्ट घालून, एक हात खिशात ठेवून पिस्तूल रोखतो आणि मिश्र सांघिक स्पर्धेत रौप्यपदक घेऊन जातो. ही प्रतिमा जगभर गेली ती नेमबाजीतलं ओ की ठो न कळणाऱ्यांमुळे. इथे जाणकार पुढे येऊन सांगेल, की पिस्तुलाचे बरेच नेमबाज हात खिशात ठेवतात, शरीर स्थिर राहावं म्हणून. त्यात विशेष काही नाही. जाणकाराचं बरोबर आहे. पण ज्या सहकाऱ्याला ती प्रतिमा आवडली त्याने नेमबाजीबद्दल काही विधान केलेलंच नव्हतं. त्याने स्वतःबद्दल केलं होतं: गाजावाजा न करता, सामान्य कपड्यांत, आपलं काम चोख करून निघून जाणारा माणूस मला थोर वाटतो. शेजारच्या टेबलावर तीन वर्षं बसूनही त्याच्याबद्दलची ही गोष्ट आपल्याला ठाऊक नसते. वार्षिक मूल्यमापनाच्या अर्जात ती येत नाही. त्याच स्पर्धेत मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्य मिळवलं. कुणाला तो क्षण आवडेल, कारण तीन वर्षांपूर्वी टोकियोत मनूचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं होतं आणि ती रिकाम्या हाताने परतली होती. दोघांच्या निवडीत दोन स्वभाव दिसतात, आणि दोघांपैकी कोणीही हरत नाही.

उंच उडीचं उदाहरण तर ऑफिससाठी बेतल्यासारखं आहे. २०२१ मध्ये टोकियोत कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जानमार्को तांबेरी २.३७ मीटरवर बरोबरीत थांबले. बर्शिमने अधिकाऱ्याला विचारलं, दोघांना सुवर्ण मिळेल का? मिळेल म्हटल्यावर दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये न्यूझीलंडचा हेमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन तशाच पेचात होते. त्यांनी वाटून घ्यायचं नाकारलं, पुन्हा उड्या मारल्या आणि केर जिंकला. मॅकइवेनची हावरट म्हणून पुष्कळ चेष्टा झाली. आता सहकाऱ्यांना विचारून पाहा यातला कोणता क्षण जास्त आवडला. ज्याला टोकियो आवडतो त्याला मैत्री विजयाहून मोठी वाटते, की त्याला निकालाची भीती वाटते? ज्याला पॅरिस आवडतो तो हावरट आहे, की स्पर्धेला आलो तर शेवटपर्यंत खेळायचं, एवढाच त्याचा प्रामाणिकपणा आहे? श्रेय कसं वाटावं हा प्रश्न प्रत्येक ऑफिसात रोज उभा असतो आणि त्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही, कारण तिथे नावं आणि पगार गुंतलेले असतात. उंच उडीच्या निमित्ताने त्याच प्रश्नावर बिनधोक बोलता येतं. (आपला साहेब यातला कोणता क्षण निवडतो, हे मात्र कान देऊन ऐकावं.)

आवडत्या क्षणांचं आणखी एक वैशिष्ट्य या वादात कोणीच लक्षात घेत नाही. ते फार वेळा विजेत्यांचे नसतात. प्राचीन ऑलिंपियात दुसरा क्रमांकच नव्हता. पिंडार या ग्रीक कवीची स्तोत्रं विजेत्यांसाठी रचलेली असत, आणि हरलेला मल्ल शत्रूंची नजर चुकवत गल्लीबोळांतून घरी जातो असं त्याने एके ठिकाणी लिहून ठेवलं आहे. आधुनिक प्रेक्षकाने हा न्याय पालटून टाकला. १९०८ मध्ये लंडनच्या मॅरेथॉनमध्ये दोरांदो पिएत्री पुन्हापुन्हा कोसळला, अधिकाऱ्यांनी हात देऊन त्याला रेषेपार नेलं आणि म्हणून तो बाद झाला. राणी अलेक्झांड्राने त्याला वेगळा चषक दिला. त्या शर्यतीचा अधिकृत विजेता जॉनी हेज आज किती जणांना आठवतो? १९९२ मध्ये बार्सिलोनात ४०० मीटरच्या उपांत्य फेरीत डेरेक रेडमंडच्या मांडीचा स्नायू फाटला, तो लंगडत पुढे निघाला आणि प्रेक्षकांतून धावत आलेल्या वडिलांनी त्याला खांदा दिला. तेव्हाचं सुवर्ण क्विन्सी वॉट्सचं होतं, हे सांगावं लागतं. पॅरिसमध्ये विनेश फोगाटने आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर न हरलेल्या युई सुसाकीला शेवटच्या काही सेकंदांत हरवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून अंतिम फेरीला मुकली. नियमाने तिचा निकाल पुसला गेला. पाहणाऱ्यांच्या आठवणीतून ती कुस्ती पुसायची सोय कुठल्याच नियमात नाही. पदकतक्ता एकच गोष्ट मोजतो. ऑफिसंही पुष्कळदा एकच गोष्ट मोजतात. अशा जागी ‘मला तर हरलेल्याचाच क्षण आवडला’ असं कोणी चारचौघांत म्हणणं, हे मला संघभावनेच्या सगळ्या शिबिरांहून मोलाचं वाटतं.

देशाभिमानाचा आक्षेप याहून अवघड आहे. खेळ माणसांना जोडतो हे वाक्य भाषणात शोभतं, इतिहासात ते अर्धंच टिकतं. सन ५३२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये रथांच्या शर्यतींतले निळे आणि हिरवे पाठीराखे रस्त्यावर उतरले. शहराचा मोठा भाग जळाला आणि इतिहासकार प्रोकोपियसने तीस हजारांहून अधिक मृत्यू नोंदवले. १९६९ मध्ये होंडुरास आणि एल साल्वादोर यांच्यात चार दिवसांचं युद्ध झालं. त्याची मुळं जमिनीच्या आणि स्थलांतरितांच्या प्रश्नात होती, पण ठिणगी विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांच्या आसपासच पडली. ऑफिसात कोणी रथ जाळत नाही, हे खरं. तिथे ही वृत्ती सौम्य आणि म्हणून जास्त चिवट रूपात येते. १९९० मध्ये ब्रिटिश राजकारणी नॉर्मन टेबिट यांनी स्थलांतरितांच्या निष्ठेची कसोटी म्हणून विचारलं होतं, की क्रिकेटमध्ये ते कोणत्या संघाला पाठिंबा देतात? ‘काय, तू कोणाकडून?’ हा ऑफिसातला हसत विचारलेला प्रश्न कधीकधी अगदी हाच असतो, आणि ज्याला तो विचारला जातो त्याला ते कळतं. म्हणूनच बाजूचा प्रश्न आणि क्षणाचा प्रश्न मी एका पारड्यात घालत नाही. पॅरिसच्या भालाफेकीच्या अंतिम फेरीत पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटरचा ऑलिंपिक विक्रम केला आणि ८९.४५ मीटरवर नीरज चोप्राला रौप्य मिळालं. बाजूच्या हिशेबात ती एक हार आणि एक जीत. पण नीरजच्या आईने सुवर्ण जिंकणाराही आपलाच मुलगा म्हटलं, अर्शदच्या आईनेही नीरजबद्दल तसंच म्हटलं, आणि कित्येकांच्या लेखी त्या रात्रीचा क्षण हाच ठरला. निर्वासितांच्या संघाला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून देणारी मुष्टियोद्धी सिंडी एन्गाम्बा हिला ‘तू कोणाकडून’ विचारलं तर ती कुठल्या झेंड्याकडे बोट दाखवणार?

यावर कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण हे क्षण शेवटी सत्तेच्या आणि पैशाच्या तमाशात घडतात. लोकांना भाकरी आणि सर्कस देऊन गप्प ठेवायची रोमन युक्ती जुनीच आहे. हा आक्षेप फेटाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. मेक्सिको शहरात २ ऑक्टोबर १९६८ ला त्लातेलोल्को चौकात आंदोलक विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या आणि दहा दिवसांनी ऑलिंपिकचं उद्घाटन ठरल्याप्रमाणे पार पडलं. खेळाने रक्त झाकलं, हे मान्यच करावं लागेल. तरीही त्या स्पर्धेतलं जगाला सर्वाधिक आठवतं ते काय? २०० मीटरच्या व्यासपीठावर वर्णद्वेषाच्या निषेधार्थ काळे हातमोजे घालून मुठी उंचावलेले अमेरिकेचे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, आणि त्यांच्या सोबतीने छातीवर मानवी हक्कांचा बिल्ला लावून उभा असलेला ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. आयोजकांना हा क्षण नको होता. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या दबावाखाली दोघा अमेरिकनांना घरी धाडण्यात आलं. १९३६ च्या बर्लिनमध्ये नाझी राजवटीने स्वतःचा गौरव मांडला होता आणि मागे उरलं ते लांब उडीनंतर कृष्णवर्णीय अमेरिकन जेसी ओवेन्स आणि जर्मन लुट्झ लाँग यांचं हातात हात घालून चालणं. आयोजक काय दाखवणार हे ठरवू शकतो. प्रेक्षकाने त्यातलं काय उचलावं, हे आयोजकाच्या हातात पूर्णपणे कधीच नव्हतं. प्रत्येकजण हुशारीने उचलतो असा माझा दावा नाही, पण ज्याला विचारलंच जात नाही त्याच्या निवडीला धार येणार कुठून?

राहिली एचआरची मंडळी. खरं सांगायचं तर बंदीवाल्यांपेक्षा मला यांचीच भीती जास्त वाटते. ‘माझा आवडता क्षण’ या नावाची स्लाइड शुक्रवारी चारपर्यंत पाठवा, तीन ओळींत, कंपनीच्या मूल्यांशी जोडून, असा ईमेल आला की संपलं. क्यूबातल्या सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा सुरू झाली. कामगार पानं वळत असताना एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्रं आणि पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपल्या खिशातून भरत, काय वाचायचं तेही तेच ठरवत. वर्षभरात सरकारने या वाचनावर बंदी आणली, तरी प्रथा तगली आणि समुद्र ओलांडून फ्लोरिडातल्या टँपापर्यंत गेली. तिथे १९३१ मध्ये मालकांनी वाचकांना हटवलं आणि त्यांच्या जागी रेडिओ बसवला. हात तर तेव्हाही चालू होते आणि कानांवर काहीतरी पडतच होतं. मग कामगार संपावर का गेले? काय ऐकायचं हे ठरवायचा हक्क गेला होता म्हणून. सक्तीने मागवलेला आवडता क्षण हा तसा रेडिओ आहे. त्यात माणूस साहेबाला आवडेल असा क्षण निवडतो आणि मग आपल्याला त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. ‘मी यातलं काही पाहिलं नाही’ हे उत्तरही तितक्याच सहजपणे देता आलं पाहिजे. ते देणाऱ्याची कीव करणारा माणूस पुन्हा त्या तोंडी परीक्षेचाच परीक्षक.

आणि तो काटा, जो मी बाजूला ठेवला होता. पॅरिसमध्ये लेत्सिले तेबोगोने २०० मीटर १९.४६ सेकंदांत जिंकून बोत्स्वानाला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, मे महिन्यात वारलेल्या आईची आठवण लिहिलेला बूट कॅमेऱ्यासमोर धरला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी राष्ट्राध्यक्षांनी देशाला अर्ध्या दिवसाची सुटी दिली. सुटी देशाची असो की ऑफिसची, त्या वेळी कोणीतरी फोन उचलत असतं, यंत्रावर नजर ठेवून असतं. सामना पाहायची मुभा द्यायची तर ती पाळीने द्यावी, आणि दर वेळी तोच नवखा किंवा तीच खेळात रस नसलेली सहकारी मागे राहणार नाही हे बघावं, एवढं व्यवस्थापकांनी जरूर करावं. पण त्यानंतरचं काम व्यवस्थापकाचं नाही. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला, चेंडू हवेत सोडून रेषेबाहेर गेला आणि परत आत येऊन पकडला. ज्यांनी तो पाहिला ते आपसात त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, ‘काय झेल होता!’ एवढ्यावर भागतं. ड्युटीवर असल्यामुळे ज्याने पाहिला नाही त्याला सांगायचा म्हटलं, की पाय कुठे होता, चेंडू कधी सोडला, श्वास कुठे अडकला, हे एकेक आठवून शब्दांत आणावं लागतं. त्याला क्लिप पाठवून मोकळं होता येतं. बहुतेक जण तेवढंच करतात. पण आपल्या वाटची पाळी करणाऱ्या माणसाचं आपण देणं लागत असू, तर निदान दहा मिनिटं त्याच्याजवळ उभं राहून तो झेल नीट सांगावा.